रेंजचा दगड आणि आमचे निर्देशांक

मोहफुलाचा वास चंद्रपुरात येत नाही. इथे मार्च लागला की कोळशाच्या धुळीचा, तापलेल्या डांबराचा आणि कूलरच्या ओल्या ताट्यांचा वास येतो, आणि त्यालाच आम्ही उन्हाळा म्हणतो. पण पंधरा दिवसांपूर्वी आमच्या कार्यालयातल्या शिपायाने गावाहून आणलेली पिशवी टेबलाखाली ठेवली आणि दुपारपर्यंत तो वास खोलीभर पसरला. गोड, जड, जरासा आंबूस. कोणी नाक मुरडलं, कोणी हसलं. मी हातातला कागद तसाच धरून बसले, कारण तो कागदही नेमका त्याच दिवसांचा होता. परिपत्रक होतं. माहिती समाजाकडे होणारी वाटचाल मोजण्यासाठी निर्देशांकांची पुढची फेरी, सर्वेक्षण मार्च-एप्रिलमध्ये. पुन्हा मार्च-एप्रिल. पुन्हा मोहाच्या दिवसांत. कपाळाला हात लावायचीही आता मला हौस राहिलेली नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सांख्यिकीत नोकरी करते. पूर्वी आम्ही धान मोजायचो, गुरं मोजायचो, विहिरी मोजायचो. त्यात एक बरं होतं, विहीर दिसते. मग वरून सांगण्यात आलं की समाज आता माहितीचा व्हायला लागला आहे, तेव्हा तो किती झाला ते मोजा. त्यासाठी प्रश्न ठरले. घरात मोबाईल आहे का? संगणक आहे का? गेल्या तीन महिन्यांत इंटरनेट वापरलं का, वापरलं तर कुठे? या उत्तरांना भार द्यायचे, इंटरनेटच्या उत्तराला सर्वांत जास्त, बेरीज करायची आणि प्रत्येक गावाला एक आकडा, म्हणजे निर्देशांक, चिकटवायचा. प्रश्न चांगले आहेत, माझं काही म्हणणं नाही. ज्याने ते लिहिले त्याच्या खोलीत पंखा होता, भिंतीत प्लग होता आणि हातातल्या फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या, एवढंच.

मी मूल गावची. आमच्या घरामागे भात गिरणी होती आणि तिचा भुसा आमच्या वरणातसुद्धा यायचा. गावातली कोणतीही गोष्ट आधी त्या गिरणीवर कळायची. कोणाची सोयरीक जमली, कोणाचा मुलगा नापास झाला, पोंभुर्ण्याकडे वाघाने कोणाची म्हैस नेली, सगळं. धान घेऊन आलेला माणूस पोत्यासोबत बातमी उतरवायचा आणि कोंडा घेऊन जाताना दुसरी बातमी चढवायचा. आई म्हणायची, "पेपर कायले घेता, गिरनीवर जाऊन या." आमचा समाज तेव्हा माहितीचा होता की नव्हता, हे मी पुढे बैठकीत विचारलं होतं. साहेबांनी चहा मागवला.

काही वर्षांपूर्वी अशीच एक फेरी झाली तेव्हा मी धानोऱ्याच्या बाजूला काम बघत होते. सर्वेक्षण मोहाच्या दिवसांत ठेवू नका, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या दिवसांत जंगलातल्या गावात घरी कोणी सापडत नाही. फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाही तर गुरं आणि हरणं खातात. म्हणून माणसं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, लेकरंबाळं, म्हातारी माणसं, कुत्री सगळी बरोबर, आणि दारांना नुसती कडी असते. आमचे प्रगणक मुलगे बिचारे दहाच्या सुमारास मोटारसायकलवर पोचायचे आणि 'घर बंद' असा शेरा मारून परत यायचे. कागदावर सगळं गाव बंद. मी वर फोन करून सांगितलं. उत्तर आलं की वेळापत्रक सगळीकडे एकच आहे, मोहासाठी वेगळं करता येत नाही.

तेव्हा मी स्वतः निघाले. गावाचं नाव लिहीत नाही, कोणी तरी पुन्हा त्याचा आकडा काढायला जाईल. डांबरी रस्ता सोडला की सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. झाडाखालचा पाला आधीच जाळून साफ केलेला असतो, त्या काळ्या जमिनीवर पिवळट फुलं पडलेली दिसतात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. बाजूच्या झाडाखाली कितीही फुलं पडली असोत, दुसरा कोणी वाकत नाही. मला गंमत वाटली होती, ना कुंपण, ना पाटी, आणि तरी कोणाच्या मनात गोंधळ नाही. मनकीबाई म्हणून एक म्हातारी होती, तिने मला फुलं आणि जवस कुटून केलेला लाडू दिला. हात धुतल्यावरही बोटं चिकटच राहिली, आणि पुढचे दोन दिवस माझ्या सगळ्या फायलींना तो वास होता.

गावात रेंज नव्हती. आजही नाही. मागे टेकडी आहे, तिच्या माथ्यावर एक बसका दगड आहे, आणि त्या दगडावर बसलं तर फोन लागतो. उभं राहिलं तर जातो. गाव त्याला रेंजचा दगड म्हणतं. त्या दगडाची एक रीत पडून गेली होती. वर जाणाऱ्याने रिकामं जायचं नाही. धानोऱ्याच्या बाजाराला निघालेल्या माणसाला जसं शेजारी मीठ आण, चप्पल सांधून आण सांगतात, तसं टेकडीकडे निघालेल्या माणसाला जो तो आपला निरोप सांगायचा. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या मुलाला विचार, कधी येतो. बैलाच्या पायाला जखम झाली आहे, फोटो काढून गुरांच्या डॉक्टरला पाठव. नातू झाला म्हणतात, दिसतो कसा ते बघून ये, आणि जमलं तर मला दाखवायला घेऊन ये.

हे सगळं वर नेणारी आणि खाली आणणारी शेवंता होती. गावात बारावी झालेली तीच एक मुलगी, आणि चालता फोनही तिच्याकडेच. उंच, सडपातळ, बोलायला कमी. मोह वेचून झाला की टोपली आईच्या डोक्यावर द्यायची आणि ओढणी तोंडाला गुंडाळून टेकडी चढायची. उतरली की दारोदार जाऊन प्रत्येकाचा निरोप सांगायची, ज्याचा त्याला, आवाजात चढउतारसुद्धा तिकडच्या माणसाचा. मला तिच्या शाळेच्या बाईंकडून कळलं होतं की पोरीला नर्सिंगला जायचं आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, मोह संपता संपता मुदतही संपत होती. मी तिला म्हटलं, रोज तर वर जातेस, भरून टाक.

"मी गेली तं वर कोन जाईन जी?" ती म्हणाली. "टॉवर येनार हाय म्हनतात. आला का मंग भरीन."

टॉवर येणार होता हे खरं होतं. ज्या गावांचा आकडा सर्वांत कमी, त्या गावांना आधी टॉवर, अशी एक योजना होती आणि आमचा निर्देशांक त्यासाठीच वापरणार होते. मी मनात म्हटलं, या गावाहून कमी आकडा कोणाचा येणार? माझ्या नोकरीत पहिल्यांदाच मला वाटलं की आपण मोजतो त्याचा कोणाला तरी उपयोग होईल.

प्रगणकाने दुसऱ्या खेपेला संध्याकाळी जाऊन प्रश्न विचारले. माहिती माझ्याकडे आली आणि माझं डोकं फिरलं. गेल्या तीन महिन्यांत इंटरनेट वापरलं का? डुंगाभाऊ, गावाचा गायता, म्हणजे पूजेचा आणि निवाड्याचा मान असलेला माणूस, ज्याला फोन कुठून धरायचा तेही ठाऊक नाही: हो. मनकीबाई: हो. जवळजवळ सगळं गाव: हो. आणि ज्या एकीच्या घरात फोन होता, जी उन्हातान्हात रोज त्या दगडावर जाऊन बसत होती, ती शेवंता: नाही.

मी प्रगणकाला झापलं. तो रडकुंडीला आला. "मॅडम, मी तीन तीनदा विचारलं जी. ते तसंच सांगून राह्यले."

संगणकाने या गावाला लाल खूण लावली, विसंगती म्हणून. मला वाटलं, चला, यंत्राला तरी कळलं. साहेबांनी खूण बघितली, चष्मा वर केला आणि निर्णय दिला. घरात फोन आहे आणि वापर नाही, हे शक्य नाही. म्हणून शेवंताचं 'नाही' खोडून 'हो' करा, विसंगती मिटेल. बाकीचे? बाकीचे हो म्हणतात ना, मग हरकत काय आहे? अशा रीतीने विसंगती मिटली आणि ज्या गावात एक पट्टी रेंज नाही ते गाव माहिती समाजाच्या यादीत तालुक्यात सगळ्यांच्या वर जाऊन बसलं. धानोऱ्याच्या बाजारपेठेच्याही वर. साहेबांनी अभिनंदनाचं पत्र काढायला सांगितलं.

मी भांडले. माझ्या स्वभावात ते आहेच, नवऱ्याला विचारा. मी म्हटलं, साहेब, हे उत्तर चुकीचं आहे, गाव पुन्हा बघू. ते म्हणाले, मुदत संपली. मी म्हटलं, मग निदान एक प्रश्न वाढवू. फोन लावायला घरातून किती चालावं लागतं? इतका साधा प्रश्न आहे, शेंबड्या पोरालाही उत्तर देता येतं. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, असा निर्देशांक जगात कुठे नाही. मग आपण तुलना कोणाशी करणार?"

जगात सगळीकडे लोक टेकड्या चढत नसतील, हे खरं आहे. म्हणून जे चढतात त्यांनी मोजमापात बसायचंच नाही का? तुलना करायची म्हणून सगळ्यांना एकच माप लावायचं, आणि माप बसत नसेल तर माणसालाच खोडरबराने थोडं पुसायचं. मी त्या दिवशी घरी जाऊन भाजी करपवली आणि करपलेली भाजी सगळ्यांना खायला लावली. त्या वेळी मला आकडा या गोष्टीचाच राग आला होता. आकड्याचा काय दोष, असं आता म्हणता येतं. तेव्हा येत नव्हतं.

टॉवरची यादी लागली. गाव त्यात नव्हतं.

हे सांगायला कोणी तरी जायला हवं होतं, आणि जिवावर आलं होतं तरी मीच गेले. मोहाचे शेवटचे दिवस होते. अंगणाअंगणांत फुलं वाळत घातली होती, पिवळी फुलं वाळून तांबडी-तपकिरी झाली होती, मनुकांसारखी सुरकुतलेली. दुपारचं ऊन. डुंगाभाऊंच्या मांडवाखाली माणसं जमली. मडक्यातलं पाणी झालं, आंबील झाली. मग मी सगळं सांगितलं, तुम्ही सर्वांनी 'हो' म्हटलंत म्हणून टॉवर दुसरीकडे गेला. माझा आवाज चढला असावा. "फोन हातात धरत नाही तुम्ही, आणि इंटरनेट वापरलं म्हणून सांगता?"

कोणी ओशाळलं नाही. मनकीबाई फुलं उलथीपालथी करत होती, ती थांबलीसुद्धा नाही. "खोटं काय सांगतलं बाई? पोराले इचारलं का नाई मी? त्यानं सांगतलं का नाई? नातवाचं थोबाड पाह्यलं का नाई?"

"ते शेवंताने बघून आणलं, मनकीबाई. वापर तिचा झाला."

"तिचा कसा?" डुंगाभाऊ म्हणाले. ते सावकाश बोलत, दोन वाक्यांमध्ये तंबाखू मळून होईल इतकं सावकाश. "बातमी मनकीची होती. पोरगं मनकीचं. शेवंतानं नेऊन देल्ली. टोपली डोक्यावर आनली म्हनून मोह काय तिचा होते? मोह ज्याच्या झाडाचा त्याचा."

चुकलं होतं ते आमच्या व्याख्येप्रमाणे, त्यांच्याप्रमाणे सगळं चोख होतं. ज्याची बातमी, त्याचा वापर. वाहून नेणाऱ्याचा कसला वापर? व्याख्या आमची छापील होती आणि त्यांची झाडाखाली ठरलेली, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. माझी चिडचिड काही कमी झाली नाही, उलट वाढली, कारण आता चिडायला समोर कोणी उरलं नव्हतं. मी खांबाला टेकून उभ्या असलेल्या शेवंताकडे वळले आणि उगाचच तिच्यावर ओरडले.

"आणि तू गं? तू तरी 'नाही' काऊन सांगितलंस?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझी बातमी कोनती होती बाई?"

एवढंच म्हणाली. तक्रार नव्हती, विचारलं म्हणून सांगितलं. पण मनकीबाईचा हात फुलांवर थांबला. रोज एवढी बातमी वर जात होती आणि खाली येत होती, आणि त्यात एकदाही या पोरीचं स्वतःचं काही नव्हतं, हे तिथल्या कोणाच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी तर ते 'नाही' कागदावर डोळ्यांनी बघितलं होतं आणि त्यावर रागावले होते.

डुंगाभाऊंनी तिच्याकडे वळून विचारलं, "तुले कोनाले काई सांगाचं हाय का?"

शेवंता खाली बघू लागली. आईने तिच्याकडे बघितलं आणि तीच म्हणाली, "तिले नर्सबाईच्या शाळेत जाचं हाय. अर्ज धाडाचा हाय. तुमच्यासाठी थांबली ना ते."

पुढचं फार भराभर झालं. कोणी भाषण केलं नाही. डुंगाभाऊ उठले, पायात चप्पल घातली आणि म्हणाले, "चला." मनकीबाईच्या गुडघ्यांना टेकडी झेपत नव्हती तरी ती निघाली. उन्हात ती सगळी वरात टेकडी चढली, शेवंता पुढे, मी धापा टाकत सगळ्यांच्या मागे. करवंदीच्या काट्यात माझी साडी फाटली. वर पोचल्यावर कोणीही निरोप सांगितला नाही. सगळे दगडापासून हातभर दूर, झाडाच्या सावलीला बसले, जणू दुसऱ्याच्या मोहाखाली बसले आहेत. शेवंता एकटी दगडावर बसून अर्ज भरत होती. मध्येच रेंज जायची आणि ती अंग न हलवता वाट बघायची. पान पुढे सरकलं की तिच्या ओठांवरून कळायचं. खालच्या साऱ्या जंगलावर ऊन पडलेलं होतं आणि वाऱ्यासोबत अंगणांतल्या फुलांचा वास इतक्या वर येत होता. अर्ज गेला तेव्हा तिने फोन मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आई रडली. मलाही रडू आलं, ते मी घामात पुसून टाकलं.

उतरताना पाळ्या ठरल्या. मोह राखायला असतात तशा, घरटी एक. शेवंताने जाईपर्यंत सगळ्यांना फोन शिकवायचा आणि फोन गावातच ठेवून जायचा. मनकीबाईने पहिली पाळी मागून घेतली.

अभिनंदनाचं पत्र मात्र गेलं. सरपंचांनी ते चौकटीत बसवून ग्रामपंचायतीत लावलं आहे म्हणतात.

तर आता पुन्हा तेच दिवस, पुन्हा तेच परिपत्रक. प्रश्न तेच आहेत. एक वाढवला आहे, घरात स्मार्ट टीव्ही आहे का. माझा चालण्याचा प्रश्न मी दरवर्षी पाठवते आणि दरवर्षी तो 'विचाराधीन' होऊन परत येतो. नवीन साहेब तरुण आहेत, तेही तुलनेबद्दलच बोलतात. मी आता भांडत नाही असं नाही, पण भांडून झाल्यावर भाजी करपवत नाही.

काल संध्याकाळी शेवंताचा फोन आला. नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, शहरातल्या हॉस्टेलवर राहते, तिथे पलंगावर पडूनही फोन लागतो. म्हणाली, "बाई, आज तुमचे ते मोजनारे आले होते हॉस्टेलवर. इंटरनेट वापरलं का इचारलं."

"मग काय सांगितलंस?"

"हो म्हनलं." ती हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "परीक्षा हाय, अभ्यास हाय, सारं माझंच ना जी. अन् बाजाराच्या दिवशी घरी फोन लावतो. मनकीबाई येते दगडावर."

"मनकीबाई? त्या गुडघ्यांनी?"

"आयकतच नाई ते. दुसऱ्याची पाळी असली तरी काठी घेऊन चढते. मी काय खाल्लं, कोनतं इंजेक्शन देल्लं, सारं इचारते अन् खाली जाऊन आईले सांगते. कालच गावात बी ते मोजनारे जाऊन आले. मनकीबाईलेही इचारलं त्यायनं."

मला पुढचं ऐकायची भीतीच वाटली. टॉवर नाही, म्हातारी काठी टेकत टेकडी चढते, दगडावर बसून फोन कानाला लावते. आता आमच्या व्याख्येतही ती तंतोतंत बसत होती. "काय म्हणाली ती?"

"नाई म्हने." शेवंता म्हणाली. "बातमी माझी होती ना बाई."